निळी पट्टी

भाऊ, तुमचं मशीन मी अजून बंद केलेलं नाही.

आज सोळा दिवस झाले. स्क्रीन मालवून ठेवलाय, खालचा डबा मात्र चालूच आहे. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, "कोणी बसत नाही तर हे कशाला घुरघुरत ठेवलंय?" मी म्हणते, अपडेट चाललंय. सोळा दिवस कुठलं अपडेट चालतं? पण आपल्या गिऱ्हाइकांना खरेदीखतापलीकडे कशात रस नसतो. दोनदा वीज गेली, दोन्ही वेळा इन्व्हर्टरनं तारलं. दुसऱ्या खेपेला तो टिकटिक वाजायला लागला तेव्हा मी कूलर बंद केला, पंखा बंद केला, माझंही मशीन बंद केलं आणि त्या उकाड्यात तुमच्या खुर्चीशेजारी नुसती उभी राहिले. लाईट आली तेव्हा रडू कोसळलं. तुम्ही गेलात त्या दिवशी एक टिपूस आलं नव्हतं.

बंद का करत नाही, ते दुसऱ्या कोणाला सांगून कळायचं नाही. आपली जुनी मशीनं नव्या सिस्टीमला झेपेनात म्हणून मी त्यांवर लिनक्स टाकलं, तेव्हा तुम्हाला समजावताना मी म्हणाले होते, "भाऊ, इथे कॉपी केलेलं कुठे साठवलेलं नसतं. ज्या प्रोग्राममधून घेतलं, पेस्ट करताना त्याच्याकडेच मागितलं जातं. तो मधेच बंद केला तर हाती काही लागत नाही." तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात.

"म्हणजे देणारा गया का बठ्ठं गयं?"

"हो."

"मंग ते मानूससारखंच शे," म्हणालात आणि कोणाचं तरी प्रतिज्ञापत्र पुढे बडवायला लागलात. मी हसले होते.

तुम्हाला सगळे भाऊ म्हणायचे, मीही म्हणायचे, आणि तुम्ही मला अक्का. मी तुमच्या मुलीच्या वयाची. पण दुकानात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी फायलींचे गठ्ठे नव्यानं लावले, चहाच्या वेळा ठरवल्या आणि तुमची तंबाखूची डबी माळ्यावर टाकली. तेव्हा तुम्ही हात जोडून म्हणालात, "हाई ते अक्का शे. हिनं ऐकनंच पडस." त्या दिवसापासून कल्पना हे नाव फक्त आधार कार्डावर उरलं.

टाइपरायटरच्या काळात नोंदणी कार्यालयासमोरच्या लिंबाखाली बसायचात तेव्हा तुमच्याकडे एक स्टीलची पट्टी होती. टाइप केलेला कागद वाचताना ती ओळीखाली धरायची, ओळ संपली की खाली सरकवायची. तुम्ही वाचलेल्या कागदात चूक सापडत नाही, असं वकील म्हणायचे. कॉम्प्युटर आल्यावर पट्टी ड्रॉवरमध्ये गेली आणि तिची जागा माउसनं घेतली. बटण दाबून धरायचं, ओळीवरून सावकाश न्यायचं, ओळ निळी होत जायची, ओठ हलत राहायचे. एका ओळीनंतर दुसरी. मी तुम्हाला चिडवायचे, की शाळेतली मुलं बोट ठेवून वाचतात तसं वाचता. तुम्ही म्हणायचात, "बोट ठेवीसन वाचस तो पडत नही."

मला ही सवय रोज दिसायची, भाऊ. रोज. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहायला नको.

आपलं भांडण आठवतं? लिनक्समध्ये कॉपीच्या दोन जागा असतात. कंट्रोल-सी दाबून घेतलेलं एकीत. आणि माउसनं नुसतं निळं केलेलं, आपण काही न दाबताही, आपोआप दुसरीत. ते माउसचं मधलं चाक दाबलं की उतरतं. माझं डोकं फिरायचं. एका प्रोग्राममध्ये कंट्रोल-सी चालायचं, दुसऱ्यात चालायचं नाही, तिसऱ्यात खिडकी बंद केली की घेतलेलं गायब. घोडं कुठे पेंड खातंय ते कळायला मला दोन महिने लागले. कळल्यावर मी जाहीर केलं, की या दोन्ही जागा एकच करून टाकायच्या. नेटवर त्यासाठी छोटा प्रोग्राम मिळतो, एक टिचकी मारली की झालं.

तुम्ही शर्टाच्या वरच्या खिशातून चष्मा काढून दाखवलात, मग पँटच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा वाजवलात. "वरला खिसामा चष्मा, खालना खिसामा किल्ल्या. दोन्ही एक करशी ते काच फुटी ना, अक्का."

मी म्हणाले, हा काय तर्क आहे? तुम्ही म्हणालात, तर्क नाही, सवय आहे. आठवडाभर वाद चालला. मी कोर्स केलेली, सर्टिफिकेटवाली, आणि हे लिंबाखालून आलेले भाऊ मला शिकवणार! तोंडानं म्हणाले नाही, पण मनात होतं. तुम्हाला ते कळलंही असेल.

मग तुम्ही लग्नाला चार दिवस धुळ्याकडे गावी गेलात. मी तिन्ही मशीनवर तो प्रोग्राम टाकला आणि टिचकी मारली. परत आलात तेव्हा सांगितलं नाही. म्हटलं, यांना समजणारही नाही, महिन्याभरानं सांगू, "बघा, चाललं की नाही?" मला फक्त जिंकायचं होतं, भाऊ. एवढ्याशा गोष्टीत.

माझ्या मशीनवर काहीच बिघडलं नाही, कारण मी पट्टी धरून वाचत नाही. तुमच्याकडे मात्र तुम्ही जुन्या खतातून मजकूर कॉपी करायचात, नव्या खतात यायचात, जागा शोधताना सवयीनं पट्टी फिरवायचात आणि मग पेस्ट करायचात. उतरायचं ते कॉपी केलेलं नाही, नुकतीच पट्टी फिरवलेली ओळ. तुम्ही थांबायचात. स्क्रीनकडे बघत राहायचात.

"अक्का, मी ते दुसरं लिधं होतं ना?"

"मला काय माहीत भाऊ, तुम्ही काय घेतलं ते."

खरंच माहीत नव्हतं तेव्हा. पण विचारही केला नाही. तुम्ही पुसायचात, परत करायचात. दिवसातून चार-पाच वेळा. हळूहळू तुम्ही विचारायचंही बंद केलंत. स्वतःशीच मान हलवायचात.

आणि मग ते चोपड्याकडचे आबा. तिथल्या वावराचं खरेदीखत, घाईचा दिवस, दारात रांग, तुम्ही टाइप केलंत आणि वाचायला वेळच मिळाला नाही. तासाभरानं आबा दोन साक्षीदारांना घेऊन तणतणत परत आले. नोंदणीच्या टेबलावर कागद अडला होता. वावराच्या हद्दी लिहिताना तुमची पट्टी पूर्वेच्या नाल्यावर फिरली होती, म्हणून पश्चिमेलाही नालाच चिकटला होता.

"दोन्ही अंगले नाला? मनं वावर काय बेट शे का? तुना डोया फुटनात का?"

रांगेतले लोक हसले. मी पुढे होऊन काहीतरी म्हणणार तर आबा माझ्याकडे वळले, "का या पोरनी करं हाई?" तुम्ही खुर्चीतून उठलात. एवढा मोठा माणूस, पण हात छातीशी जोडलेले. "चूक मनी शे, आबा. तिनी नही." कागद दुरुस्त करून दिलात, तिघांना चहा पाजलात.

त्यानंतर तुम्ही डोळे तपासून आलात. नवा चष्मा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. चष्म्यानं काय होणार होतं? नव्या चष्म्यातूनही ओळी दोनदाच उतरत राहिल्या.

मला कळलं ते महिन्याभरानं. एक लांबलचक वाटणीपत्र होतं, तुम्ही म्हणालात, "मना मशीनवर बस आनि मनासारखं वाच, माले भरोसा वाटत नही." तुमच्यासारखं वाचायचं म्हणून मी पट्टी फिरवली. मधे एक नाव कॉपी करून आणलं, पट्टी फिरवली, पेस्ट केलं. नावाऐवजी ओळ उतरली. एका क्षणात सगळं समजलं. नाला, आबा, चष्मा, सगळं.

दोन मिनिटं लागली. तो प्रोग्राम तिन्ही मशीनवरून काढून टाकला. दोन खिसे पुन्हा वेगळे झाले. तुम्ही चहा घेऊन आलात, माझ्यासाठीही आणला होता, कटिंग, साखर कमी. मी सांगणारच होते. तेवढ्यात एक वकील आले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही कोणाला तरी माझ्यादेखत सांगत होतात, "आमनी अक्काले बठ्ठं समजस. ती शे म्हणून दुकान चाली राहिनं." आता या वाक्यावर मी काय सांगणार होते?

मग तुम्हीच एक दिवस मला विचारलंत. गिऱ्हाईक नव्हतं, पत्रा तापलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. खुर्ची माझ्याकडे वळवलीत. "अक्का, माले काही व्हयनं का? डोकानं काही? तू रोज देखस. खरं सांग."

मी म्हणाले, "वय झालं भाऊ. होतं असं."

तीन शब्द पुरले असते, "चूक माझी होती." त्याऐवजी हे बोलले. तुम्ही मान हलवलीत, जणू डॉक्टरांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही टाइप करणं सोडलंत. "मी आते फक्त वाचत जाईन," म्हणालात. क्वचित काही दुरुस्त करायचं झालं तर कॉपी-पेस्ट करायचाच नाहीत; कागद शेजारी ठेवून अक्षर-अक्षर टाइप करायचात. लिंबाखाली वकिलांना लाजवणारा हात एका बोटानं कळा दाबत होता आणि मी शेजारी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. वर्षभर.

चूक बंद झाली तरी तुमच्या लक्षात आलं नाही. कसं येणार? तुम्ही कॉपीच करत नव्हतात.

तुमच्या पुण्यानुमोदनाला मी गावी आले होते. वंदना झाली, लोक तुमच्याबद्दल बोलले. मलाही बोलायला सांगितलं. मी उठले, तुमच्या पट्टीबद्दल दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. जेवणं झाल्यावर वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. त्यांच्या हातात तुमचा शेवटच्या दिवशीचा शर्ट होता, अजून न धुतलेला.

"कल्पना, त्यासनं शेवटलं वरीस भीतीमा गयं," वहिनी म्हणाल्या. "गाडी चालावनं सोडं. बजारमा एकला जायेत नही. रातले उठीसन गॅस देखेत. नातनं नाव मनमा घोकेत. माले म्हनेत, मी तुले विसरी जाईन तं तू राग नको मानू."

मग त्यांनी वरच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. आपल्याच दुकानातला कागद. आपल्याच प्रिंटरचा. तुम्ही कधी टाइप केलात, मला पत्ताही लागू दिला नाहीत. वर तुमचं पूर्ण नाव, वय, खाली घरचा पत्ता, वहिनींचा नंबर. आणि मधे: "सदर इसम घराचा रस्ता विसरल्यास कृपया त्यास खालील पत्त्यावर पोहोचते करावे, ही नम्र विनंती."

समास सारखे. ओळी सारख्या. एक काना-मात्रा चुकलेली नाही. वर्षभर तुम्ही तो खिशात घेऊन हिंडलात, चष्म्याच्या मागे, एकदाही रस्ता न चुकता.

तेव्हा सांगायला हवं होतं. वहिनी समोर होत्या, कागद हातात होता, दार लोटलेलं होतं. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले, आणि त्यांनी माझीच समजूत काढली. "तू किती करं त्यासनं," म्हणाल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात भर दुपार होती, भाऊ, आणि तरी मी तोंड उघडलं नाही. जळगावच्या गाडीत बसले आणि घरी आले.

आज मात्र स्क्रीन लावणं भाग होतं. तुम्ही शेवटचं वाचत होतात ते यावलच्या केळीच्या वावराचं खत. टाइप मी केलेलं. ती पार्टी भली, स्वतःच म्हणाली, भाऊंचं कार्य होऊ द्या, मग कागद करू. आज सकाळी ते येणार होते. मी दुकान उघडलं, झाडलं, तुमच्या खुर्चीवरचा टॉवेल झटकला, उगाच कॅलेंडर सरळ केलं. मग तुमच्या स्क्रीनचं बटण दाबलं.

तुम्ही जिथे सोडलं होतं तिथेच सगळं होतं. खरेदीखताचं तिसरं पान. चतुःसीमा. आणि एका ओळीवर निळी पट्टी, सोळा दिवसांपूर्वी तुम्ही धरलेली.

"पश्चिमेस: शिवरस्ता."

आता तो दिवस सांगते. तुम्हाला माहीत आहे, तरी मला एकदा सांगू द्या. तुम्ही वाचत होतात. मी समोरच्या नवराबायकोशी नावाच्या घोळावरून हुज्जत घालत होते. तुम्ही म्हणालात, "अक्का, आठे जरा देख. हाई पश्चिम माले चुकीची दिसस." मी वळले नाही. मग तुम्ही अगदी हळू म्हणालात, "का मनंच चुकी राहिनं?"

मी मान वर न करता म्हणाले, "बरोबर आहे भाऊ. पुढे वाचा."

तुम्ही पुढे वाचलं नाहीत. पाचेक मिनिटांनी खुर्ची करकरली, वळून बघितलं तर तुमचा हात छातीवर होता. रिक्षा, दवाखाना, आणि मग वहिनींना फोन. माझ्याशी बोललेलं तुमचं शेवटचं वाक्य तेच. स्वतःवरच्या संशयाचं.

आज मी पार्टीनं दिलेला हस्तलिखित मसुदा काढला. आज मीही पट्टी घेतली. तुमची ड्रॉवरमधली, स्टीलची. ती कागदावर ठेवून ओळ वाचली.

पूर्वेस: शिवरस्ता. पश्चिमेस: पाटचारी.

पुन्हा वाचली. पाटचारी. रस्ता नव्हे, पाटाच्या पाण्याची चारी. स्क्रीनवर मी दोन्हीकडे शिवरस्ता टाइप केला होता. यात कुठला प्रोग्राम नव्हता, कुठली टिचकी नव्हती. माझ्याच हातानं, माझ्याच डोळ्यांदेखत झालेली साधी चूक. मसुदा त्या दिवशी माझ्या टेबलावर होता, तुमच्याकडे नव्हता. तरी नुसत्या वाचण्यावरून तुम्हाला कळलं, की एका वावराला दोन्हीकडून एकच रस्ता कसा? चोपड्याच्या आबांनी शिकवलेला धडा तुम्ही विसरला नव्हतात. तुम्ही काहीच विसरला नव्हतात. त्या पानावर एकच चूक होती आणि तुमची पट्टी बरोबर तिच्यावर थांबलेली होती.

नवी कोरी फाईल उघडली. आधी कंट्रोल-व्ही दाबलं. काही आलं नाही; त्या दिवशी सकाळपासून तुम्ही काही कॉपीच केलं नव्हतं. मग माउसचं मधलं चाक दाबलं. तुमची ओळ उतरली. तिची एक प्रत छापून घेतली. मग खत दुरुस्त केलं. पार्टी आली, कागद घेऊन गेली. त्यांना सांगितलं, चूक माझी होती, भाऊंनी पकडली. ते म्हणाले, "भाऊंची नजरच तशी." त्यांना ते सहज म्हणता आलं. मीही त्या दिवशी तेवढंच म्हणायला हवं होतं.

आता दुकान लवकर लावतेय. वहिनी कालच जळगावला परतल्या आहेत. आधी त्यांच्याकडे जाणार. तुमच्या खिशातल्या कागदाशेजारी ही छापलेली ओळ ठेवणार आणि सगळं सांगणार, लग्नाच्या चार दिवसांपासून ते माझ्या "वय झालं"पर्यंत. त्या मला घरात घेतील की नाही, ठाऊक नाही. नाही घेतलं तर उंबऱ्याबाहेरून सांगीन. कोणाला ठणठणीत माणसाचं वर्ष परत देता येत नाही. पण ते वर्ष त्यांनी तुमच्या आजारपणात घातलेलं नाही, एवढं तरी त्यांना कळायला हवं.

मशीन बंद करतेय, भाऊ. निळी पट्टी जाईल.

सगळी बटणं दाबून झाली, एवढं एक राहिलंय. तुमची बोली मला कधी धड आली नाही, तुम्ही हसायचात. तरी आबांसमोर तुम्ही बोललात ते माझ्या वाटचं होतं, म्हणून त्याच शब्दांत परत करते.

चूक मनी शे, भाऊ. तुमनी नही.